एका मंडळाचा एकच पाऊस



बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते, असे आपले बापजादे पावसाबद्दल बोलत आले. बांधाच्या अलीकडे वखर चालत नाही इतका चिखल आणि पलीकडे फुफाटा, हे आपल्यापैकी कोणी पाहिलेले नाही? सरकारदरबारी मात्र हा बैल दोन्ही शिंगांनी सारखाच भिजतो. तिथे महसूल मंडळात पर्जन्यमापक एक आणि त्याचा आकडा मंडळातल्या सगळ्या गावांचा.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचे क्षेत्रफळ दहा हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे आणि मंडळे ऐंशीच्या आसपास. भागाकार करा. एका मंडळाच्या वाट्याला सव्वाशे चौरस किलोमीटर येतात, म्हणजे तीस हजार एकर, पंधरा-वीस गावे. या सगळ्यांच्या वतीने साक्ष देणारे भांडे वीतभर तोंडाचे. पूर्वी सकाळी साडेआठला माणूस जाऊन मोजपात्राने पाऊस मोजी. २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात मंडळामंडळात स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. यंत्र माणसापेक्षा बरे, ते सुट्टीवर जात नाही. पण सहा कोसांवरच्या शिवारात काय पडले, हे त्यालाही कळत नाही.

त्या आकड्यावर काय काय टांगलेले आहे ते पाहा. २४ तासांत ६५ मिलिमीटर नोंदले तर अतिवृष्टी. केंद्रावर साठ नोंदले आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला ढग फुटून तुमची माती वाहून गेली, तर कागदावर ती अतिवृष्टी नव्हे. २०२३ मध्ये सततच्या पावसाचा निकष जोडला, पण हिशेब त्याच केंद्राचा. पीकविम्यातही कापूस-ज्वारीसारख्या मुख्य पिकांना नुकसानीचे माप मंडळाचेच. चार-दोन ठिकाणच्या कापणी प्रयोगांचे उत्पन्न सगळ्या मंडळाच्या माथी.

दुष्काळाची रेघ तर आणखी जाड. २०२३ च्या खरिपात ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात आपल्या जिल्ह्यातल्या नऊपैकी दोन, छत्रपती संभाजीनगर आणि सोयगाव. बाकीच्या सात तालुक्यांत काय पाटाचे पाणी वाहत होते? ओरड झाली, तेव्हा नोव्हेंबरात मंडळे धरून सवलती दिल्या. कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, पोरांची परीक्षा फी माफ. निकष पुन्हा पर्जन्यमापकाचाच. आणि गंमत अशी, की मोठी मंडळे फोडून जी नवी केली होती, त्यांतल्या दोनशेच्या वर मंडळांत पर्जन्यमापकच बसलेले नव्हते. त्यांचा समावेश मागाहून, २०२४ उजाडल्यावर झाला. ज्या मंडळाला मोजायचे भांडेच नाही, त्याचा दुष्काळ मोजायचा कशाने?

कोणी म्हणेल, सरासरी पाऊस तर होतो ना? इथेच भूगोलाचे नवे संशोधन आपल्या कामाचे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळातल्या पावसाच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष मांडला, की मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर कोसळणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापतो आहे, तिकडून येणाऱ्या बाष्पाच्या लाटा अनावर होताहेत. एकूण पाऊस त्या मानाने वाढलेला नाही. म्हणजे मधले दिवस कोरडे आणि मग एकदम धो धो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याने ते भोगले. उभी पिके गेली, कित्येकांची जमीनच खरवडून गेली. अशा पावसात हंगामाची सरासरी छान दिसते. कपाशीला सरासरी पिऊन जगता येत नाही.

आणि पडलेला पाऊस सगळ्या जमिनींत सारखा राहतही नाही. वेरूळची लेणी ज्या खडकात कोरली तो काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर साचून झालेली भुई. लेण्यांच्या कड्यापाशी उभे राहिलात तर ते थर डोळ्यांनी दिसतात. पाणी साठते ते वरच्या मुरमात, मांजऱ्या दगडात आणि पाषाणाच्या भेगांत. म्हणून एकाच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी आणि शेजाऱ्याची दिवाळीतच कोरडी. दोघांच्याही नशिबाचा त्यात संबंध नाही. अजिंठ्याच्या डोंगरउतारावरची वीतभर माती पंधरा दिवसांच्या उघडिपीत कपाशीला माना टाकायला लावते. गोदाकाठची भारी काळी जमीन तेवढीच ओल धरून रब्बीची ज्वारी काढून देते. पाऊस दोघांनाही तेवढाच. मंडळाच्या कागदावर मात्र मुरमाड रान आणि काळी एकाच रकान्यात.

अधिकारी म्हणतात, शेताशेतात यंत्र कसे बसवणार? हे आम्हाला मान्य आहे. तेवढी मागणीही नाही. पण आपलीही एक चूक कबूल केली पाहिजे. कचेरीत आपण जातो तेव्हा आपल्याजवळ काय असते? 'लई पाऊस झाला' किंवा 'पाऊसच नाही'. समोरच्याकडे मिलिमीटर असतात. आकड्यापुढे हुंदका टिकत नाही.

तेव्हा पत्र्याचा एक सरळ डबा घ्यावा, तोंड आणि बूड सारखे असलेला. कमरेइतक्या खुंटावर पक्का बसवावा, म्हणजे खालचे शिंतोडे आत जाणार नाहीत. झाड किंवा भिंत जेवढी उंच, निदान त्याच्या दुप्पट अंतर सोडावे. रोज सकाळी साडेआठला पट्टीने आतले पाणी मोजावे, वहीत तारीख घालून लिहावे आणि डबा रिकामा करावा. दहा मिलिमीटर पाणी साचले तर पाऊस दहा मिलिमीटर, म्हणजे एकरी चाळीस हजार लिटर. शाळेतल्या पोराकडे हे काम दिले तरी चालेल, बहुधा तेच जास्त नेमाने करील. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय कपाशी टोकू नका, असे कृषिशास्त्रज्ञ सांगतात. ते आपल्या शिवारात झाले की नाही, हे तालुक्याला विचारत बसावे लागणार नाही. दुबार पेरणीचे बियाणे काय भावाने पडते, हे तुम्हाला सांगायला नको.

या वहीला कचेरी पुरावा मानणार नाही, हे आम्ही जाणतो. पण मंडळातल्या दहा गावांच्या दहा वह्या एका खरिपाच्या केंद्राच्या आकड्याशेजारी ठेवल्या, की केंद्र कुठल्या गावाचे खरे सांगते आणि कुठल्याचे नाही, ते उघडे पडते.

याला आज आणखी एक निमित्त आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या 'विंड्स' योजनेत ग्रामपंचायतीगणिक स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायचे ठरले आहे. यंत्र कुठे बसते, यावर सगळे आहे. गच्चीच्या आडोशाला, चिंचेखाली बसले तर पुढची वीस वर्षे गावाचा पाऊस चिंच ठरवील. जागा ग्रामसभेत ठरावी, तिचा ठराव व्हावा आणि रोजचा आकडा पंचायतीच्या फळ्यावर लागावा, एवढे तरी आपल्या हातात आहे.

डबे मृगाआधी बसवावेत. पोळा झाल्यावरच्या जिल्हा बैठकीला येताना वह्या बरोबर आणाव्यात, गावाचे आणि मंडळाचे नाव पहिल्या पानावर लिहून. कृषी विभाग मंडळनिहाय रोजचा पाऊस प्रसिद्ध करतो, ते आकडे आम्ही उतरवून ठेवू.