रमीवर बंदी आली, पण सवय सुटली का? हे ओळखायचं कसं?

ऑगस्ट २०२५ मध्ये तीन दिवसांत एक मोठा उद्योग बंद झाला. २० तारखेला लोकसभेत, २१ला राज्यसभेत विधेयक मंजूर झालं आणि २२ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. ड्रीम इलेव्हन, एमपीएल यांनी पैशांचे खेळ थांबवले. टीम इंडियाच्या जर्सीवरचं नावही गेलं.

सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत दरवर्षी २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. म्हणजे प्रश्न किरकोळ नाही. पण बंदीनंतर सोशल मीडियावर जो वाद रंगला, त्यात दोन बाजू होत्या: 'बरं झालं, घरं वाचली' आणि 'काही उपयोग नाही, लोक परदेशी ॲपवर जाणारच'. कोण बरोबर, हे ठरवायची एक पद्धत मात्र वर्तनशास्त्रात ५० वर्षांहून जास्त काळ वापरात आहे.

उंदीर, कळ आणि संपत आलेल्या गोळ्या

आधी मुळात हात पुन्हा पुन्हा त्या ॲपकडे का जातो, ते पाहू.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९३०च्या दशकात हार्वर्डमध्ये उंदरांवर प्रयोग करत होते. उंदराने कळ दाबली की खाण्याची एक गोळी मिळायची. या गोळ्या स्वतःच तयार कराव्या लागत. एका शनिवारी त्यांच्या लक्षात आलं की साठा संपत आलाय, आणि उरलेला दिवस गोळ्या वळत बसायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून त्यांनी प्रत्येक वेळी गोळी देण्याऐवजी मिनिटाला एकच द्यायला सुरुवात केली. उंदीर कंटाळून थांबले नाहीत. ते कळ दाबतच राहिले.

कामचुकारपणातून निघालेल्या या शोधावर पुढे स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ साली मोठा ग्रंथच काढला. बक्षीस किती मोठं, यापेक्षा ते कधी आणि कितव्या वेळी मिळतं, यावर वागणं ठरतं, हे त्यांनी हजारो तासांच्या नोंदींतून दाखवलं. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत या बक्षिसाला 'प्रबलन' म्हणतात. त्याची वेळापत्रकं मुख्यतः चार.

सोलापुरात विडी कामगार महिलेला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. म्हणजे ठरावीक कामाला ठरावीक मोबदला. यात काम वेगाने होतं, पण एक टप्पा संपला की माणूस थोडा थांबतो. दुसरं, ठरावीक काळाने मिळणारं बक्षीस: परीक्षा जवळ आली की अभ्यास वाढतो, तसं. तिसरं, कधीतरी मिळणारं: व्हॉट्सॲपवर उत्तर आलंय का, हे अधूनमधून बघणं.

चौथं सगळ्यात चिवट. बक्षीस कृतीनंतरच मिळतं, पण कितव्या कृतीनंतर ते सांगता येत नाही. गळ टाकून बसणारा, पणजीत मांडवीवरच्या कॅसिनोतल्या स्लॉट मशीनसमोरचा माणूस आणि 'फक्त एक डाव' म्हणणारा रमीपटू, तिघे एकाच वेळापत्रकावर असतात. इथे थांबायची जागाच येत नाही, कारण पुढचा डाव जिंकणाराही असू शकतो.

बक्षीस बंद झाल्यावर काय होतं, तेही यावरच ठरतं. रोज सकाळी सहाला येणारं पाणी एक दिवस आलं नाही, तर साडेसहाला आपण शेजारी चौकशी करतो. पाणी कधीही येतं अशा गावात मात्र लोक दिवसभर नळाकडे कान लावून असतात. 'बंद झालंय' आणि 'अजून आलं नाही' यातला फरक तिथे कळतच नाही. हरत असलेला माणूस का थांबत नाही, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

कौशल्य की नशीब? चुकीचा प्रश्न

आपल्या न्यायालयांत वर्षानुवर्षं वाद होता तो रमी कौशल्याचा खेळ की नशिबाचा, यावर. कायद्याच्या दृष्टीने तो महत्त्वाचा होता. पण खेळणाऱ्याच्या बोटाला त्याने काही फरक पडत नाही. पत्ते लावायला अक्कल लागते हे खरं; तरी जिंकणारा डाव कितवा, हे चांगल्या खेळाडूलाही माहीत नसतं. २०२५च्या कायद्याने खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, हा भेदच काढून टाकला. वर्तनशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर हे योग्यच झालं.

मग बंदीने फरक पडला, हे कसं कळणार?

१९६८ साली अमेरिकेत उपयोजित वर्तन विश्लेषणाचं नियतकालिक सुरू झालं. त्याच्या पहिल्याच वर्षात कॅन्ससमधल्या शाळांवरचा एक अभ्यास आला. तिसरीतला एक मुलगा तासाच्या सरासरी २५ टक्के वेळच अभ्यास करायचा. बाकी वेळ खोड्या, आणि खोड्यांकडे बाईंचं लक्ष. बाईंनी उलटं केलं: अभ्यास करताना लक्ष द्यायचं, खोड्यांकडे नाही. अभ्यास ७१ टक्क्यांवर गेला.

आपण इथेच टाळ्या वाजवल्या असत्या. संशोधकांनी बाईंना पुन्हा जुन्यासारखं वागायला सांगितलं. अभ्यास ५० टक्क्यांपर्यंत घसरला. नवी पद्धत परत आणल्यावर तो पुन्हा चढला. आता म्हणता येतं की फरक बाईंच्या लक्षामुळे पडला, हवामानामुळे किंवा मूल मोठं झाल्यामुळे नाही.

सगळीकडे असं मागे जाता येत नाही. व्यसन सुटतंय का हे बघायला कुणाला पुन्हा जुगाराला बसवणं क्रूरपणाच. तेव्हा दुसरा मार्ग: एकच बदल वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या तारखांना करायचा. जिथे बदल झाला तिथेच आणि तेव्हाच आकडा हलला, तर श्रेय बदलाला.

गंमत म्हणजे असा प्रयोग आपल्याकडे कुणी न ठरवता होऊन गेला. तमिळनाडूने नोव्हेंबर २०२० मध्ये वटहुकूम काढून बंदी घातली. ऑगस्ट २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. एप्रिल २०२३ मध्ये नवा कायदा आला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने रमी-पोकर त्यातून बाहेर काढले. बंद, चालू, बंद, चालू: कॅन्ससच्या वर्गासारखंच. शेजारी कर्नाटकात ऑक्टोबर २०२१ मध्ये बंदी आली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द झाली. म्हणजे वेगळ्या तारखाही मिळाल्या. कोण कुठून किती वेळा पैसे भरतं, याची नोंद तर कंपन्यांच्या सर्व्हरवर आपोआप होत असते.

हा काही स्वच्छ प्रयोग नव्हे. मधे कोरोनाची दुसरी लाट होती, आयपीएलचे हंगाम होते, ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी लागला. पण दोन राज्यांच्या तारखा वेगळ्या असल्यानेच यातलं बरंचसं वेगळं काढता आलं असतं.

२०२५ची बंदी सगळ्या देशात एकदमच आली. तुलनेला राज्य उरलं नाही. 'आधी' आणि 'नंतर' एवढंच हातात आहे, आणि 'आधी'ची नीट नोंद नसेल तर तेही नाही.

काय मोजायचं, हेही ठरवावं लागतं

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, यूट्यूबसह दहा ठिकाणी खातं ठेवायला मनाई केली. महिन्याभरात सुमारे ४७ लाख खाती बंद झाल्याचं जाहीर झालं. आकडा भारदस्त आहे, पण तो खात्यांचा आहे. मूल रात्री कधी झोपतं, दुसऱ्या कुठल्या ॲपवर गेलं, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी तिथल्या ई-सेफ्टी आयुक्तांनी स्वतंत्र मूल्यमापन जाहीर केलं, हे चांगलं. रमीबाबतही बंद झालेली ॲप मोजणं सोपं आहे. कर्ज काढून खेळणारा आता परदेशी साइटवर खेळतोय की खेळतच नाही, हे मोजायला हवं.

स्वतःच्या फोनवर मात्र हे कुणालाही करता येतं. एक आठवडा काहीही न बदलता रोजचा स्क्रीन टाइम लिहून ठेवा. पुढचा आठवडा नोटिफिकेशन बंद. तिसऱ्या आठवड्यात चालू, चौथ्यात पुन्हा बंद. सुट्टीचे दिवस वेगळे लिहा, नाहीतर रविवारचं खापर नोटिफिकेशनवर फुटेल.