सत्याचा आग्रह, पुराव्यानिशी

जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे जंगल सत्याग्रह आरंभिला. त्याच महिन्यात डॉ. हेडगेवारांनी सरसंघचालकपदाची धुरा डॉ. परांजपे यांच्याकडे सोपवून यवतमाळजवळ जंगलचा कायदा मोडला व नऊ महिन्यांची शिक्षा होऊन ते अकोल्याच्या कारागृहात गेले. यवतमाळ जिल्ह्यातील जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी हा इतिहास मुखोद्गत असतो. परंतु मुखोद्गत असणे वेगळे आणि नोंदलेले असणे वेगळे. आजचा विद्यार्थी आजोबांपाशी बसत नाही; तो विकिपीडिया उघडतो. तेथे जे नाही, ते त्याच्या लेखी घडलेच नाही!

‘आमच्याविषयी विपर्यस्त लिहिले जाते’ ही तक्रार आपण वारंवार करतो. ती अनेकदा रास्तही असते. पण मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून सर्वांना खुला आहे. लिहिण्यास कोणी मज्जाव केला होता? अमरावतीत शिकलेल्या डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी साधनांची वानवा असताना महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. आपल्या हाती तर संगणक आहे, युनिकोड आहे. उणीव आहे ती चिकाटीची.

उत्साहाला मात्र शिस्तीची जोड हवी. नवख्याने सदस्यखाते उघडून आधी ‘धूळपाटी’वर हात बसवावा. प्रत्येक विधानाला ग्रंथ, वृत्तपत्र वा गॅझेटियर यांचा संदर्भ, पृष्ठक्रमांकासह द्यावा. स्वतःचे संशोधन तेथे चालत नाही. पुस्तकातील मजकूर जसाच्या तसा उतरवणे हा प्रताधिकाराचा भंग आहे. आपल्या देशात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मतभेद झाल्यास मजकूर पुनःपुन्हा खोडण्यापेक्षा ‘चर्चा’ पानावर प्रमाण मांडावे. ‘इतिहास’ या कळीखाली प्रत्येक बदल नोंदलेला राहतो, त्यामुळे कोणी खोडसाळपणा केला तरी पूर्वीचा पाठ परत आणता येतो.

आता थोडे कटू बोलणे प्राप्त आहे. आपल्या बौद्धिक वर्गातली भाषा ज्ञानकोशात चालणार नाही. ‘परमपूजनीय’, ‘तेजस्वी’, ‘अद्वितीय’ ही विशेषणे आपल्या अंतःकरणातून येतात. पण ज्ञानकोशाचा वाचक भक्त नसतो, जिज्ञासू असतो. त्याला सन, स्थळ आणि घटना सांगावी. आदर त्याच्या मनात आपोआप उपजेल. विरोधकांची साधार टीकाही लेखात राहू द्यावी. वीस जणांनी संगनमत करून एकाच लेखावर तुटून पडणे तर सर्वथा त्याज्य. पक्षपाताविरुद्ध गाऱ्हाणे मांडणाऱ्याने स्वतः पक्षपात केला, तर त्याचे खरे बोलणेही कोणी ऐकत नाही.

कामाला तोटा नाही. शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा, एवढीच यवतमाळची ओळख बाहेर पोचली आहे. ते दुःख खरे आहे, लपविण्याजोगे नाही. पण जिल्हा तेवढाच नाही. वणी ही बापूजींची जन्मभूमी, कळंबचा चिंतामणी, टिपेश्वरचे अभयारण्य, गहुलीचे वसंतराव नाईक, मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची एकेकाळची ‘शकुंतला’, १९७३ चे गदिमांच्या अध्यक्षतेखालील साहित्य संमेलन, कोलाम बांधवांची बोली व सण या प्रत्येक विषयावर साधार, सचित्र लेखन व्हावयास हवे. कोलाम पाड्यावरील वृद्धांच्या स्मृतीत जे आहे, ते थेट विकिपीडियावर जाऊ शकत नाही. ते प्रथम जबाबदार नियतकालिकात वा ग्रंथात छापले गेले पाहिजे. तेव्हा स्थानिक ग्रंथालयांतील जुनी कात्रणे व स्मरणिका जपणे, हेही याच कार्याचे अंग होय.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला. आपण पेढे वाटले. दर्जा शासन देते, भाषेत ज्ञान मात्र भाषकांनाच भरावे लागते. प्रत्येक घरातील एका तरुणाने आठवड्यातून एक तास बसून एक परिच्छेद संदर्भासह लिहावा. त्या परिच्छेदाखाली नाव झळकणार नाही, हारतुरेही मिळणार नाहीत. प्रसिद्धीपराङ्मुखतेचे संस्कार आपण सांगतो ना? मग त्यांची परीक्षा येथेच होऊ द्या.