कसा वाटला चित्रपट?

शाखेची बैठक संपते. अहवाल वाचून झालेला असतो, वर्गणीचा हिशेब लागलेला असतो, पुढील कामाची वाटणी झालेली असते. चहाचे पेले येतात आणि कोणीतरी विचारतो, "कॉम्रेड, तो चित्रपट पाहिलात का?" मग पाच मिनिटांत तीन-चार चित्रपटांचा निकाल लागतो. एक 'आपला' ठरतो, एक 'फार संथ' ठरतो, एकात 'संघटना कुठेच नाही' आणि एक 'भांडवलदारांच्या पैशाचा' म्हणून बाद होतो. पेले रिकामे होतात आणि मंडळी आपापल्या वाटेस लागतात. दिल्ली असो, इंदूर असो, हैदराबाद असो वा बेळगाव, मराठी बोलणाऱ्या कॉम्रेडांच्या बैठकीनंतरचे हे दृश्य बहुधा सारखेच असावे.

या मतांकडे आपण फारसे लक्ष देत नाही. ठरावावर बोलताना प्रत्येक जण शब्द तोलून बोलतो. चित्रपटावर बोलताना कोणी तोलत नाही. नेमक्या याच कारणाने तेथे आपल्या विचारांची खरी सवय उघडी पडते. चित्रपट ही सर्व कलांमध्ये आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची कला आहे, असे लेनिन यांचे मत लुनाचार्स्की यांनी नोंदवून ठेवले आहे आणि आपण ते सभांमधून वारंवार सांगतो. परंतु जी कला महत्त्वाची मानली, ती पाहून झाल्यावर आपण काय बोलतो, याचा हिशेब कोणी मांडत नाही. वर दिलेल्या चार निकालांपुरता तो येथे मांडून पाहतो. त्यांपैकी एक निकाल माझा स्वतःचा आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

पहिला निकाल 'आपला चित्रपट'. नोव्हेंबर २०२१ मध्ये टी. जे. ज्ञानवेल यांचा तमिळ 'जय भीम' आला तेव्हा आपल्यांपैकी अनेकांना मनापासून आनंद झाला. व्यावसायिक चित्रपटाच्या पडद्यावर लाल बावटा सन्मानाने फडकताना दिसणे ही काही नित्याची गोष्ट नव्हे. पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या एका गरीब माणसासाठी १९९३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात लढल्या गेलेल्या खऱ्या खटल्यावर तो आधारलेला आहे. आनंद रास्तच होता. मात्र बावटा दिसला, नायक वकिलाच्या तोंडून आपल्याला हवे ते ऐकू आले, एवढ्यावर आपले पाहणे थांबले. चित्रपटात हे कुटुंब इरुळर आदिवासींचे दाखवले आहे. प्रत्यक्ष खटल्यातील कुटुंब कुरवर समाजाचे होते. हा बदल का झाला, याविषयी शाखेत एकानेही विचारले नाही. चित्रपटाचा मुख्य भार एका कर्तबगार वकिलावर टाकलेला आहे, त्यामुळे त्याच्या मागे उभी राहिलेली अनेक अनाम माणसे पुसट होतात, हेही कोणी बोलले नाही. आणि ज्या दृश्याविषयी खरोखर बोलावयास हवे होते, ते तर राहूनच गेले. पोलिसांनी उचलून आणलेली गर्भवती सेंगेनी, गाडीतून घरी सोडण्याची आज्ञा वरून आल्यावरही गाडीत बसत नाही. ती पायी चालत निघते आणि पोलिसांची गाडी तिच्या मागून हळूहळू येत राहते. त्या चालण्यात जी ताकद आहे, ती चित्रपटातील कोणत्याही भाषणात नाही. 'आपला' हा शिक्का इतक्या घाईने मारला गेला की त्याखाली हे दृश्य झाकले गेले.

दुसरा निकाल 'फार संथ'. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला, पुढे त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला आणि एप्रिल २०१५ मध्ये तो चित्रपटगृहांत आला. अलीकडे काही तरुण कॉम्रेडांसोबत तो पुन्हा पाहिला. मध्यंतरापूर्वीच एकजण घड्याळ पाहू लागला. कथा थोडक्यात अशी, की एका वृद्ध शाहिराच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्या शाहिराला अटक होते. मग तारखा पडत जातात. कॅमेरा दूर उभा राहतो. कारकून कागद चाळतो, न्यायाधीश मजकूर सांगतात, पुढची तारीख मिळते. हे कंटाळवाणे आहे, ही तक्रार अगदी खरी आहे. पण ज्याने कामगार न्यायालयात थकीत वेतनासाठी सहा-सात वर्षे फेऱ्या मारल्या आहेत, त्याला विचारून पाहा. हा संथपणा दिग्दर्शकाने कल्पनेतून काढलेला नाही. शिक्षा कधीतरी निकालात लागते असे आपण समजतो. येथे खटला चालणे हीच शिक्षा होऊन बसते.

याच संथ चित्रपटात त्या मृत कामगाराची विधवा साक्ष देते. गटारात उतरण्यापूर्वी तिचा नवरा आत खडा टाकून पाहत असे. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजायचे, नाही आली तर उतरायचे नाही. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. बाई हे सांगते ते अगदी सपाट आवाजात, बाजारभाव सांगावा तसे. हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख करावी लागली. भरपाईची रक्कम वाढवावी लागते, याचाच अर्थ गटारात माणसे उतरवणे थांबलेले नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाचा वारसा सांगणाऱ्या आपण, एका शाहिरावरील खटल्याचा चित्रपट पाहताना घड्याळ पाहावे, याची मला खंत वाटली. शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार हे स्वतः चळवळीतील कार्यकर्ते होते. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने त्यांचा बळी घेतला.

तिसरा निकाल माझा. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' या चित्रपटास मे २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाले. महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट जाण्याची ही तीस वर्षांतील पहिलीच वेळ. मुंबईच्या एका रुग्णालयातील दोन मल्याळी परिचारिका, प्रभा आणि अनू, आणि तेथील स्वयंपाकघरात काम करणारी रत्नागिरीकडची पार्वती, अशा तिघींची ही गोष्ट. पार्वतीचे घर बिल्डर पाडू पाहतो आहे आणि आपण तेथे राहतो हे सिद्ध करणारा एकही कागद तिच्यापाशी नाही. अखेर ती मुंबई सोडून गावी परतते. पाहून झाल्यावर मी म्हणालो, "चित्रण चांगले आहे, पण संघटना कुठे आहे? एवढ्या मोठ्या रुग्णालयात युनियन नाही? लढण्याऐवजी बाई गाव गाठते, ही पळवाट झाली."

आमच्या सोबत एक ज्येष्ठ महिला कॉम्रेड होत्या. त्यांची उभी हयात रुग्णालयात आया म्हणून काम करण्यात गेली. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ती धाकटी नर्स भाड्याचे पैसे मागते आणि थोरली देते, ते पाहिलंत ना? आमच्याकडे युनियन झाली ती पगारावरून नाही झाली. रात्रपाळीच्या बायकांना कपडे बदलायला खोली नव्हती. एक जण कपडे बदलायची, दुसरी दार धरून उभी राहायची. असं वर्षभर चाललं. मग एक दिवस आम्ही सगळ्याच जणी साहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहिलो. तुम्ही लोक आलात ते त्याच्यानंतर."

यावर मला उत्तर सुचले नाही. मजकूर हाती आला की त्यातले मुख्य विधान कोणते ते आधी शोधायचे आणि बाकीचे त्याच्या मागे लावायचे, ही माझ्या अनुवादाच्या कामातील सवय. पडद्याखालच्या ओळीही मी तशाच वाचल्या होत्या. बाईंना त्या ओळी तेवढ्या वेगाने वाचता येत नव्हत्या, म्हणून त्या चेहरे आणि हात पाहत होत्या. बिल्डरच्या जाहिरातफलकावर प्रभा आणि पार्वती रात्री दगड भिरकावतात, ते दृश्य मला 'निष्फळ संताप' वाटले होते. बाईंना तो दोघींनी मिळून केलेला पहिला गुन्हा वाटला आणि त्या हसल्या होत्या.

घरी येऊन एंगल्स यांनी मार्गारेट हार्कनेस यांना एप्रिल १८८८ मध्ये लिहिलेले पत्र काढले. लेखकाची मते कलाकृतीत जितकी झाकलेली राहतील तितके कलाकृतीच्या दृष्टीने चांगले, हा त्यातील विचार आपण सर्व जाणतो. त्याच पत्रात एंगल्स यांनी अशीही तक्रार केली आहे, की हार्कनेस यांच्या कादंबरीत लंडनच्या ईस्ट एंडमधील कामगार निष्क्रिय दिसतात. म्हणजे माझ्या आक्षेपाला आधार मिळाला. परंतु पत्राच्या अखेरीस ते लेखिकेच्या बाजूने हेही मान्य करतात, की सुधारलेल्या जगात ईस्ट एंडइतका दबलेला श्रमिकवर्ग अन्यत्र आढळत नाही. आणि पुढे काय झाले? त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ईस्ट एंडच्या आगपेट्यांच्या कारखान्यातील मुलींनी संप केला. ऑगस्ट १८८९ मध्ये लंडनच्या गोदी कामगारांचा प्रचंड संप झाला. कादंबरीने जी निष्क्रियता पाहिली, तिच्या पोटात हे संप होते. अर्थात, प्रत्येक दबलेल्या पात्राच्या पोटात संप असतो असा नियम करता येणार नाही. पण पडद्यावर झेंडा दिसला नाही म्हणजे तेथे काहीच घडत नाही, असे मानणारा कार्यकर्ता कारखान्याच्या दारातही तेवढेच पाहील, ही भीती मला त्या रात्री प्रथमच वाटली.

चौथा निकाल सर्वांत महाग पडला. नीरज घायवान यांचा 'होमबाउंड' सप्टेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. चंदन हा दलित तरुण आणि शोएब हा मुसलमान तरुण, दोघे जिवलग मित्र. पोलिसाची नोकरी मिळाली की मान मिळेल या आशेवर जगणारे. नंतर सुरतेच्या कापड कारखान्यात राबणारे. आणि २०२० च्या टाळेबंदीत गावाकडे निघालेले. शाखेत विषय निघाला तेव्हा पार्सलांच्या गोदामात काम करणारा एक नवा सभासद बोलू लागला. "तो आजारी पडतो ना, आणि मित्र त्याला सोडून जात नाही, तिथं मला..." एवढ्यात आमच्यापैकी एकाने निर्मात्यांची नावे घेतली. दुसऱ्याने बड्या भांडवलाच्या सांस्कृतिक डावपेचांवर दोन वाक्ये टाकली. मीही मान डोलावली. तो मुलगा गप्प झाला. महिन्याभराने कळले, की २०२० मध्ये तो आणि त्याचा भाऊ गुजरातेतून असेच चालत निघाले होते.

निर्मात्यांविषयीचे म्हणणे चुकीचे नव्हते. पैसा कोणाचा, हे विचारलेच पाहिजे. पण तो प्रश्न त्या क्षणी विचारून आपण काय साधले? २४ मार्च २०२० च्या रात्री चार तासांच्या मुदतीने देश बंद झाला. ८ मे रोजी जालन्याहून मध्य प्रदेशातील घरांकडे पायी निघालेले सोळा मजूर औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली चिरडले गेले. त्या काळात वाटेत किती स्थलांतरित मजूर मेले, याची आकडेवारी उपलब्ध नाही, असे केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये संसदेस सांगितले. सरकारने मोजदाद ठेवली नाही. अशा वेळी ज्याच्यापाशी आठवण आहे, त्याचे बोलणे हाच दस्तऐवज असतो. एका चित्रपटाने तो बोलता झाला आणि आम्ही त्याला थांबवले.

दुसऱ्या बाजूचे लोक ही चूक करीत नाहीत. 'द केरला स्टोरी' मे २०२३ मध्ये आला. केरळातील बत्तीस हजार स्त्रियांसंबंधीच्या त्याच्या दाव्यास कोणताही विश्वसनीय आधार नाही आणि कथा काल्पनिक रूपात मांडलेली आहे, असा खुलासा सर्वोच्च न्यायालयापुढे निर्मात्यांना मान्य करावा लागला. तरीही उत्तर प्रदेशासारख्या राज्यात त्यास करमाफी मिळाली. चित्रपटगृहाबाहेर पडणाऱ्या माणसाला "कसा वाटला?" असे विचारणारे तेथे हजर होते आणि "खरीच गोष्ट आहे" हे त्याचे सहज मत मोबाइलवरून गल्लोगल्ली नेणारेही होते. प्रतिगामी शक्तींना माणसाच्या सहज मताची किंमत कळली आहे. ते त्याच्या मनातले भय ऐकून घेतात आणि त्याचा वापर करतात. आपण त्याच्या मनातले दुःखही ऐकून घेत नाही.

म्हणून एक साधी सूचना. शाखांनी महिना-दोन महिन्यांतून एक चित्रपट एकत्र पाहावा. चर्चेच्या आरंभी प्रत्येकाने फक्त एवढेच सांगावे, की कोणते दृश्य मनात राहिले आणि त्यावरून स्वतःचे काय आठवले. नव्या सभासदांनी आधी बोलावे, जुन्यांनी शेवटी. निर्माता कोण, वर्गदृष्टी कोणती, बाजू कोणाची, हे सर्व त्यानंतर आणि सविस्तर. त्यात कसूर नको. बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन' (१९५३) मध्ये जमीन गमावलेला शंभू शेवटी कारखान्याच्या कुंपणाशी येतो, मूठभर माती उचलतो आणि पहारेकरी तीही टाकून द्यावयास लावतो. त्या चित्रपटात युनियन नाही, विजयही नाही. बलराज साहनींसारखा इप्टाचा कार्यकर्ता त्यासाठी कलकत्त्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढावयास शिकला. आजच्या चहाच्या पेल्यांवर त्याचा निकाल काय लागला असता, याचा विचार आपण करावा.

गोदामातील तो तरुण कॉम्रेड अजून शाखेत येतो, परंतु चित्रपटाविषयी बोलत नाही. पुढील बैठकीनंतर मी त्यालाच विचारणार आहे, "त्या ठिकाणी तुला काय वाटलं होतं?" आणि त्याचे सांगून पुरे होईपर्यंत मध्ये बोलणार नाही.