तुमच्या समस्या

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची आहे. ऐन मे महिन्यातही ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालते. परवा तिच्या हातावर जुने-नवे वण दिसले. विचारले तर म्हणाली, "मांजराने ओरबाडले." आमच्या घरात मांजर नाही. तिच्या वडिलांना सांगावे, तर ते भडकतील. मी काय करू?
— एक आई, इंदूर

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. वारंवार होणाऱ्या जखमा, न पटणारी कारणे आणि अंग झाकण्याची धडपड ही स्वतःला इजा करून घेण्याची लक्षणे असू शकतात. हे नाटक नव्हे. असह्य ताण क्षणभर हलका करण्याचा तो बहुधा मार्ग असतो. मरणाचा विचार नसला, तरी पुढचा धोका वाढतो.

तिला रागावू नका, शपथ घालू नका, नातेवाइकांत चर्चा करू नका. एकांतात म्हणा, "मी वण पाहिले. मी रागावलेले नाही. तुला काय होतंय ते सांग." मग फक्त ऐका. "मरावंसं वाटतं का?" असे सरळ विचारायला घाबरू नका, विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उत्तर 'हो' आले, तर तिला एकटी न सोडता लगेच रुग्णालयात न्या. एरवीही मनोविकारतज्ज्ञांना भेटाच. २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारी 'टेलिमानस' सेवा (१४४१६) विनामूल्य व चोवीस तास आहे. मराठीतही बोलता येते.

वडिलांपासून लपवू नका. मात्र मुलीला आधी सांगून, आणि ते भडकणार नाहीत असे त्यांच्याकडून कबूल करून घेऊनच बोला.