आरए पॉझिटिव्ह म्हणजे आमवात नव्हे

लोंढ्याहून बेळगाव रेल्वेने जेमतेम 50 किलोमीटर. पण सांध्याच्या दुखण्यासाठी बेळगाव, हुबळी किंवा गोव्यातलं बांबोळी गाठायचं म्हणजे गाडीभाडं जातं आणि दिवसाचा रोजगारही बुडतो. म्हणून पहिल्याच फेरीत हाती पडलेला रक्ताचा रिपोर्ट अंतिम मानला जातो. 'आरए फॅक्टर पॉझिटिव्ह' वाचलं की आमवाताचा शिक्का बसला. तो बसण्याआधी आरए फॅक्टर हे प्रतिपिंड शरीरातल्या नेमक्या कशावर रोखलेलं आहे, हे डॉक्टरांनी पेशंटला सांगायला हवं.

आरए फॅक्टरचं लक्ष्य सांधा नाहीच. आपल्याच आयजीजी या प्रतिपिंडाच्या एका टोकाला तो चिकटतो. क्षय, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी असे संसर्ग रेंगाळले की तो वाढतो. वय झालं की निरोगी माणसातही सापडतो. भिगवणला 1996 पासून डॉ. अरविंद चोप्रा यांनी घरोघरी पाहणी केली. त्यात सांधे-स्नायूंच्या तक्रारी भरपूर आढळल्या, खरा आमवात मात्र हजार प्रौढांमागे सुमारे 5 जणांना. आता हिशेब करा. निरोगी लोकांपैकी शंभरात 5 जणांचा फॅक्टर पॉझिटिव्ह धरला, तर सरसकट तपासलेल्या हजारांत जवळजवळ 50 जणांना नसलेल्या रोगाची भीती लागेल. अँटी-सीसीपी ही तपासणी बरीच भरवशाची, कारण तिचं लक्ष्य वेगळं आहे: प्रथिनातल्या आर्जिनिनचं सिट्रुलिन होऊन बदललेला भाग. धूम्रपानाने फुफ्फुसात हा बदल वाढतो. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात विडी ओढणाऱ्यांना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. अमेरिकी सैनिकांच्या साठवलेल्या रक्तावरच्या 2003 च्या अभ्यासात, लूपस हा दुसरा स्वयंप्रतिकार रोग झालेल्या बहुतेकांमध्ये निदानाच्या कितीतरी वर्षं आधीच प्रतिपिंडं सापडली होती. मग सगळ्यांचीच तपासणी का करू नये? कारण उलट दिशेने हा हिशेब लागत नाही. 1:40 इतक्या कमी पातळीला एएनए हे लूपसमध्ये दिसणारं प्रतिपिंड निरोगी माणसांपैकी सुमारे तिघांत एकाला निघतं, आणि त्यातल्या बहुतेकांना लूपस कधीच होत नाही. त्यांच्या वाट्याला येतात पुढच्या महागड्या चाचण्या आणि धास्ती.

दुसरा आक्षेप असा, की अशाने गरीब पेशंट दुखणं अंगावर काढेल. तसं होता कामा नये. बोटांचे सांधे सुजलेत, सकाळी तासभर आखडतात आणि हे सहा आठवडे चाललंय, तर फॅक्टर निगेटिव्ह आला तरी पेशंटला तज्ज्ञाकडे पाठवावं. आमवाताच्या अनेक रुग्णांत तो निगेटिव्हच असतो. सुरुवातीच्या दोन वर्षांतच हाडं झिजू लागतात, आणि आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट काही महाग नाही. खानापूरच्या सरकारी दवाखान्यात आधी हाताने सांधे चाचपले जावेत, मग रक्त काढावं.

एका ठिकाणी मात्र तपासणीत हयगय नको. लूपस किंवा शोग्रेन हा तसाच रोग असलेली बाई गरोदर असेल, तर अँटी-रो पाहायलाच हवं. ते प्रतिपिंड वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि क्वचित त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर पाचव्या महिन्याच्या आसपास ते ठोके पुन्हा पुन्हा तपासावे लागतात. ती सोय बेळगावात आहे, लोंढ्यात नाही.