गाडीच्या पोटातली पेटी

मोटार घ्यायची म्हटली की सारे घर शोरूममध्ये जाते. रंगावरून दोन दिवस अबोला होतो, चिरंजीवांना मोठा पडदा हवा असतो, आजींना चढायला पायरी हवी असते. त्याच मोटारीची बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलायची वेळ आली की घरातला कर्ता पुरुष फोन उचलतो आणि म्हणतो, "एक बॅटरी पाठवा हो." कुठली, केवढी, कधी बनलेली, काही विचारणे नाही. पाव किलो भेंडी घेताना एकेक शेंडा मोडून पाहणारी आपण माणसे. पण सात-आठ हजारांची ही पेटी डोळे मिटून घरात घेतो.

माझे निम्मे आयुष्य एस.टी.च्या वर्कशॉपात, आम्लाच्या वासात गेले. त्यामुळे या सदराला येणाऱ्या पत्रांत 'दार करकरते' आणि 'मिक्सर वास मारतो' यांच्या खालोखाल बॅटरीचीच विचारणा असते. आणि दिवाळीच्या आगेमागे ती वाढते. त्याला कारण आहे. आपल्याकडे बॅटरी थंडीने मरत नाही, उन्हाळ्याने मरते. बॉनेटखालच्या उकाड्यात आतल्या शिशाच्या पट्ट्या झिजतात, पाणी उडते. पण गाडी कशीबशी चालू होत राहते. मग पावसाळाभर दिवे, वायपर, काचेवरचे वारे यांचा भार पडतो, आणि अभ्यंगस्नानाच्या पहाटे पहिला गारवा आला की सेल्फ नुसता 'टक' म्हणतो. दोष बिचाऱ्या थंडीला लागतो.

या पेटीचे तत्त्व तसे फार जुने. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ साली शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. आज आपल्या गाडीत आहे ती तिचीच पणती. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला विजेचा सेल्फ-स्टार्टर बसला आणि तेव्हापासून हँडल मारण्याचे कष्ट हळूहळू संपले. आमच्या पिढीने हँडल मारलेले आहे. उलटा झटका बसून मनगट दुखावलेले ड्रायव्हरही पाहिले आहेत. हल्लीच्या गाडीला हँडल नाही, आणि ती ऑटोमॅटिक गियरची असली तर ढकलूनही चालू होत नाही. म्हणजे सारी मदार त्या पेटीवर. विजेवर चालणारी नवी गाडीसुद्धा याला अपवाद नाही. मोठ्या बॅटरीकडून वीज घेण्यासाठी जे स्विच ओढावे लागतात, ते ओढायला तिच्यातही एक लहान १२ व्होल्टची बॅटरी असते. ती झोपली की लाखोंची गाडी जागची हलत नाही.

आता आमच्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरांची गोष्ट सांगतो. त्यांच्याकडे मुलाने घेऊन दिलेली डिझेलची थोराड एस.यू.व्ही. आहे. मुलगा परदेशी. वहिनींना मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला न्यावे लागते. रुग्णालय तीन किलोमीटरवर. गाडीचे काम एवढेच. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी ती चालू झाली नाही. रिक्षा मिळाली, वेळ निभावली. पण मास्तरांनी धसका घेतला. एका दुकानदाराने फोनवरच सांगितले, "बॅटरी गेली. त्याच्यापेक्षा मोठी देतो, पुन्हा कटकट नको." मास्तर पैसे घेऊन निघालेच होते, वाटेत मला गाठले.

"भाऊसाहेब, मिळेल त्यातली सर्वांत मोठीच घेऊ," ते म्हणाले. "हिच्या बाबतीत मला जोखीम नको."

मी म्हटले, "आधी गेली कोण ते पाहू."

गाडी चालू होत नाही म्हणजे बॅटरीच गेली, असे नाही. कधी टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुतली, नीट पुसून पाना आवळला आणि वरून व्हॅसलीन लावले की काम होते. कधी अल्टरनेटर बॅटरी भरीतच नसतो; मग नवी आणा नाहीतर सोन्याची आणा, आठवड्यात तीही आडवी. हे ओळखायला काही शे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर तो लावावा. १२.६ व्होल्ट दाखवला तर ती भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेला तर रिकामीच समजा. मग दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगून काटा पाहावा. त्या क्षणी तो साडेनऊच्या बराच खाली कोसळला तर बॅटरी रिकामी तरी आहे किंवा थकलेली तरी. भरून घेऊनही कोसळला तर ती थकलेलीच. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असला म्हणजे अल्टरनेटर शाबूत. (काही नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दामच वरखाली होतो; तिथे गॅरेजवाल्याला विचारलेले बरे.)

मास्तरांची बॅटरी १२.१ होती. दुसऱ्या गाडीची तार लावून इंजिन चालू केले, तर १४.२, अल्टरनेटर ठीक. रात्रभर चार्जर लावून ती पुरती भरली, सकाळी सेल्फ मारला, तर काटा साडेआठवर आला. पाच वर्षांची झाली होती. म्हणजे ती खरोखर संपली होती; दुकानदाराचे निदान बरोबर निघाले, फक्त ते न पाहता केलेले होते.

पण मोठी घेण्याचे काय? मोठ्या बॅटरीने गाडी जळते, ही अफवा आहे; व्होल्ट तेच, सेल्फ लागेल तेवढीच वीज ओढतो. हरकत वेगळी आहे. गाडी रोज एकदा चालू करण्यात जी वीज खर्च होते, ती तीन किलोमीटरच्या धावेत पुरती परत भरत नाही. शिवाय उभ्या गाडीतही घड्याळ, गजर, संगणक थेंब थेंब पीत असतात. मी मास्तरांना म्हटले, "नळाला पाणी अर्धा तास येते. रांजण मोठा आणलात म्हणून ते पाऊण तास येईल काय?" मोठा रांजण रिकामा व्हायला चार दिवस जास्त लागतील, इतकेच. आणि अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर कठीण थर धरतो, तो नंतर सुटत नाही. त्यात मोठी पेटी ताटात नीट बसली नाही, वरची पट्टी आवळली गेली नाही, तर खड्ड्याखड्ड्याला आतल्या पट्ट्या हादरतात. फार उंच असली तर टर्मिनल बॉनेटला टेकून ठिणगी उडण्याचे भय. लहान घेण्याचा मोह तर डिझेल गाडीत मुळीच धरू नये. डिझेलला ठिणगी नाही; हवा दाबून इतकी तापवावी लागते की तेल आपोआप पेटावे, म्हणून इंजिन फिरवायला जोर फार लागतो.

तेव्हा गाडीच्या पुस्तकात जे लिहिले आहे, ते मागावे. ए.एच. हा आकडा म्हणजे रांजण केवढा, सी.सी.ए. म्हणजे एका दमात धार किती. हा दुसरा आकडा शून्याखाली १८ अंशांवर मोजतात. तेवढी थंडी महाबळेश्वरालाही पडत नाही, पण दोन बॅटऱ्यांची ताकद तोलायला तो उपयोगी. पेटीवर ५५डी२३एल असे काही असेल तर ५५ ही ताकदीची पायरी, डी हा रुंदी-उंचीचा वर्ग, २३ ही सेंटिमीटरमध्ये लांबी आणि शेवटचे अक्षर टोके कुठल्या बाजूला ते सांगते. ते अक्षर चुकले की तार पोचत नाही, आणि मग मेकॅनिक ती ओढूनताणून पोचवतो! सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होणारी गाडी असेल तर तिच्यात ई.एफ.बी. किंवा ए.जी.एम. जातीची बॅटरी असते. स्वस्त पडते म्हणून तिथे साधी बसवू नये, ती लवकर बसते. काही गाड्यांत नवी बॅटरी बसल्याचे संगणकाला कळवावेही लागते.

ट्रक-टेम्पोवाल्या वाचकांसाठी दोन ओळी. मोठ्या ट्रकात १२ च्या दोन जोडून २४ व्होल्ट होतात. बदलायच्या तर दोन्ही एकदम, एकाच मापाच्या, एकाच वयाच्या. नाहीतर जुनी नवीलाही घेऊन बुडते. आणि १२ व्होल्टचा टेप दोहोंपैकी एकीलाच जोडू नये. एक बॅटरी सारखी गाणी म्हणते, दुसरी आरामात, आणि जोडी बिघडते. वर्कशॉपात हे प्रकरण मी शेकड्यांनी पाहिले आहे.

दुकानात आम्ही दोघे गेलो. समोर ठेवलेली पेटी नऊ महिन्यांपूर्वी बनलेली निघाली. बॅटरी कपाटात बसूनही उतरते. दोन-तीन महिन्यांच्या आतली मागावी, आणि मीटर लावून १२.४ च्या खाली दाखवली तर परत करावी. तारीख सांकेतिक आकड्यांत असते, ती दुकानदाराकडूनच वाचून बिलावर लिहून घ्यावी. हमीचेही तसेच. खोक्यावर ठळक महिने छापलेले असतात. पण पुष्कळदा त्यातले निम्मेच फुकट बदलून देण्याचे, उरलेल्यांत नुसती किमतीत सूट. दुकानदार जरा कपाळाला आठ्या घालून आत गेला आणि महिन्यापूर्वीची घेऊन आला. माप पहिल्याइतकेच.

मास्तरांना अजून खात्री नव्हती. मी दोन पर्याय दिले. पंधरवड्यातून एकदा रात्रभर आपोआप बंद होणारा चार्जर लावायचा, मोकळ्या हवेत, कारण भरताना ज्वालाग्राही वायू सुटतो. नाहीतर आठवड्यातून एकदा गाडी चांगली तासभर पळवायची. त्यांनी दुसरा घेतला. हल्ली रविवारी सकाळी दोघे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतात. वहिनींना भाकरी-पिठल्याची परवानगी नाही, पण बाहेरचे डोंगर पाहायला डॉक्टरांची ना नाही. मोठ्या बॅटरीचे जादा पैसे वाचले, त्यातून त्यांनी पाठीला एक मऊ उशी घेतली.

बसवताना मेकॅनिकवर नजर ठेवावी. काढताना आधी उणे टोक, लावताना ते शेवटी. नाहीतर पाना गाडीच्या अंगाला लागून ठिणगी उडते.

जुनी बॅटरी मात्र भंगारवाल्याला देऊ नये, मग तो शे-दोनशे जास्त देवो. तिच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते. उघड्यावर ती फोडणारे आम्ल गटारात ओततात, शिसे चुलीवर वितळवतात, आणि त्याचा धूर शेजारच्या वस्तीतल्या पोरांच्या मेंदूत जातो. २००१ सालापासून जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचा नियम आपल्याकडे आहे, २०२२ च्या नव्या नियमांनी ती जबाबदारी बनवणाऱ्यांवर अधिक पक्की केली. दुकानदार नव्या बॅटरीच्या किमतीतून जुनीचे पैसे वळते करतो. ती रक्कम बिलावर वेगळी दाखवायला सांगावी. मास्तरांच्या बिलावर ती आधी नव्हती. मागितल्यावर आली.