घडीचे मोल

मोहोळ येथे नागनाथाची यात्रा भरली, की देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर खेळण्यांची दुकाने लागतात. त्या गर्दीत उंच काठीला रंगीबेरंगी भिरभिरी खोचून एखादा विक्रेता उभा असतो. वाऱ्याची झुळूक आली, की सारी भिरभिरी एकदम फिरू लागतात आणि वडिलांचे बोट धरून चाललेल्या मुलाचे पाय जागीच थबकतात. मग किमतीवरून घासाघीस सुरू होते. "अहो, नुसता कागद तर आहे!" असे म्हणून मोठी माणसे किंमत पाडून मागतात. शेजारच्या दुकानातील प्लॅस्टिकच्या मोटारीसाठी मात्र तीच माणसे फारशी कुरकुर न करता पैसे मोजतात. 'नुसता कागद' हा शेरा न्याय्य आहे काय, याचा विचार व्हायला हवा.

भिरभिरे कसे होते ते पाहावे. चौरस कागदाला चारही कोपऱ्यांपासून मध्याकडे सरळ काप द्यायचे. मात्र ते मध्यापर्यंत पोहोचू द्यायचे नाहीत. नंतर एकाआड एक टोक वळवून मध्यावर आणायचे आणि टाचणीने काडीला टोचायचे. काप थोडा अधिक खोल गेला, तर कागद फाटतो. टाचणी मध्यापासून किंचित ढळली, तर भिरभिरे अडखळते. कागदी खेळण्याचे आकर्षण येथेच आहे. ते आपले गुपित लपवून ठेवत नाही. प्लॅस्टिकची मोटार मोडली, की ती बहुधा केरात जाते. भिरभिरे मोडले, तर मूल त्याच्या घड्या उलगडून पाहते आणि दुसरे करू लागते. मोटारीचे ते केवळ मालक असते. भिरभिऱ्याचे ते कारागीर होते.

अशा खेळण्यांना कोणी पोरखेळ म्हणून हसेल. परंतु दोऱ्यात ओवलेली गुंडी दोन्ही हातांनी ताणून गरगर फिरवण्याचा खेळ घरोघरी ठाऊक आहे. भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अमेरिकेत याच खेळाचा अभ्यास केला आणि २०१७ मध्ये कागदाच्या चकतीचे एक यंत्र जगापुढे ठेवले. त्याचे वजन अवघे दोन ग्रॅम. विजेवाचून, केवळ हाताच्या ओढीने ते मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत फिरू शकते आणि रक्तातील घटक वेगळे करते. त्याआधी, २०१४ मध्ये, त्यांनी कागदाच्या घड्यांतून उभा राहणारा सूक्ष्मदर्शक तयार केला होता. त्याच्या साहित्याचा खर्च एका डॉलरहूनही कमी होता. या दोन्ही वस्तूंत कागद स्वस्तच होता. मोलाचा होता तो विचार.

मग अशा विचारावर माणसाचे पोट भरेल काय? पतंगाकडे पाहिले, तर भरू शकेल असे दिसते. नाशिक जिल्ह्यातील येवल्यात संक्रांतीच्या सुमारास तीन दिवस आकाश पतंगांनी भरून जाते. त्या आनंदामागे कितीतरी हात राबतात. कोणी कागद कापतो, कोणी बांबूच्या कामट्या तासतो, तर कोणी दोरा गुंडाळण्याची आसारी तयार करतो. मात्र पतंगाचा हंगाम थोड्या दिवसांचा असतो. यात्रेतील भिरभिऱ्याचेही तसेच आहे. शिवाय, शंभर भिरभिरी विकायची तर शंभर वेळा हात चालवावा लागतो.

यावर एक उपाय आहे. छापील तक्त्यावरून कापून, दुमडून, चिकटवून उभी करण्याची खेळणी फ्रान्समधील एपिनाल या गावच्या छापखान्यांनी एकोणिसाव्या शतकातच लोकप्रिय केली होती. अशा खेळण्याचे सारे कष्ट त्याच्या पहिल्या आराखड्यात असतात. तो एकदा अचूक साधला, की त्याच्या हव्या तितक्या प्रती छापता येतात. तक्ता सपाट असल्याने पाकिटात घालून टपालाने दूरच्या गावी जातो, वाटेत फुटत नाही आणि त्याला जागाही थोडी लागते. राहिलेले काम विकत घेणारे मूलच आनंदाने करते.

आराखड्यासाठी विषय हवेत, तर ते दूर शोधावयास नकोत. सोलापूरचा भुईकोट किल्ला आहे, तळ्याच्या मधोमध उभे असलेले सिद्धेश्वराचे देऊळ आहे, पंढरीच्या वाटेवरची पालखी आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर जिल्ह्यात नान्नज परिसरात अभयारण्य झाले. आज तो पक्षी तेथे क्वचितच दृष्टीस पडतो. त्याची उंच मान आणि भारदस्त चाल कागदात उतरवणाऱ्याला आधी तो पक्षी नीट अभ्यासावा लागेल. घडीची रेघ आणि चिकटवण्याची पट्टी जागेवर हवी. एखादी रेघ थोडी चुकली, तरी मान कलते. म्हणून दहा नमुने टाकून द्यावे लागले, तरी अकरावा करण्याची चिकाटी पाहिजे. व्यवसायाचे नियमही जाणून घेतले पाहिजेत. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानकांचे बंधन लागू झाले असून नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यात सवलत दिलेली आहे.

या धंद्याचा खरा शत्रू पाऊस नव्हे, तर नक्कल होय. कागदावरचा आराखडा चोरणे फार सोपे असते. पुण्यात दीर्घकाळ काम केलेले अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून आणि कागदातून असंख्य खेळणी घडवली आणि त्यांची कृती सर्वांना मोफत खुली केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु त्यांनी दिले ते स्वखुशीने. दिलेले घेणे आणि न विचारता उचलणे यांत दान आणि चोरी यांच्याइतकेच अंतर आहे. ज्याचे घर त्या आराखड्यावर चालते, त्याची नक्कल करणे म्हणजे त्याच्या ताटातला घास काढून घेणे होय.

कागदी खेळणे टिकत नाही, हे खरेच आहे. पण ते करताना हाताला आलेली शिस्त आणि डोळ्याला आलेली पारख टिकते. यात्रेतल्या भिरभिरेवाल्याकडून लोक कागद विकत घेत नाहीत. कागद तर प्रत्येकाच्या घरी असतो. ते विकत घेतात त्याची अचूक घडी आणि वाऱ्याशी त्याने केलेली मैत्री. त्या घडीचे मोल घासाघीस न करता देणारा समाजच आपल्या मुलांतून उद्याचे कारागीर घडवू शकेल.